मे महिन्यातल्या सहा काचपट्ट्या

"या पेशंटले ताप नाही, याले पंख हायेत," असं मी एका कर्मचाऱ्याला भर मीटिंगमध्ये सुनावलं होतं. त्याने ताप सर्वेक्षणाच्या म्हणून पंचवीस काचपट्ट्या आणून दिल्या होत्या, पंचवीस वेगवेगळ्या नावांच्या. माणसाच्या तांबड्या पेशीच्या पोटात काही नसतं, कोंबडीच्या प्रत्येक पेशीत मधोमध गडद ठिपका असतो. दुर्बिणीखाली पहिलीच पट्टी ठेवली आणि ठिपकेच ठिपके! रविवारी घरी रस्सा झाला होता आणि सोमवारी महिन्याचं टार्गेट. गड्याने एका दगडात दोन्ही कामं उरकली होती.

त्या दिवसापासून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझं नाव पडलं 'संशयी बाई'. मला राग यायचा सोडून बरंच वाटायचं. लॅब टेक्निशियनच्या नोकरीत विश्वास ठेवणं हा अवगुण आहे, असं मी नव्या मुलामुलींना बजावून सांगायची. दिग्रसहून सकाळची एसटी पकडून आर्णीच्या बाजूला उतरायचं, दार उघडायचं, रंगाच्या बाटल्या हलवायच्या आणि दिवसभर एका डोळ्याने लोकांच्या रक्तावर संशय घ्यायचा. एकतीस वर्षं मी हेच केलं. घरी भाजीवालीचा काटासुद्धा मी वाकून बघते. आमचे हे म्हणायचे, "तुले नवरा सापडला हेच नवल, तूनं माही बी स्लाईड काहाडली असन."

बाहेरच्यांना म्हणून काम थोडं समजावते. गावात कोणाला ताप आला की आरोग्य सेवक त्याच्या बोटाला सुई टोचतो आणि काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक जाड ठिपका अन् शेजारी एक पातळ थर घेतो. जाड ठिपक्यात जंतू पटकन सापडतो. पातळ थरात पेशी सुट्या सुट्या दिसतात, माणूस कसा आहे ते कळतं. मलेरियाचा जो प्रकार आमच्याकडे जास्त, त्याला व्हायवॅक्स म्हणतात. तो सहसा जीव घेत नाही, पण मोठा दगाबाज आहे. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप जातो, माणूस उठून कामाला लागतो, आणि थोडे जंतू यकृतात जाऊन झोपतात. सहा महिने, आठ महिने. मग एक दिवस उठतात आणि पुन्हा तोच ताप. त्यांना झोपेतच मारायचं तर दुसरी गोळी, प्रायमाक्विन, रोज एक, चौदा दिवस. ती कर्मचाऱ्याने समक्ष, म्हणजे डोळ्यांदेखत गिळायला लावायची आणि रजिस्टरमध्ये टिक करायची. या टिकेवर माझा कधीच विश्वास नव्हता.

आता गुलाब राठोड. आमच्या हद्दीतल्या एका बंजारा तांड्याचा आणि आसपासच्या चार वाड्यांचा तो आरोग्य सेवक, कंत्राटी. अकरा महिन्यांचा करार, दरवर्षी जूनमध्ये नवा कागद. पन्नाशीला आलेला, बुटका, कमी बोलणारा माणूस. त्याच्या काचपट्ट्या जुन्या वर्तमानपत्रात एकेक वेगळी गुंडाळलेली असायची, नंबर पेन्सिलने कोरल्यासारखे. इतकं नीटनेटकं काम मला खटकायचं. नीटनेटक्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, असा माझा हिशेब.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. मे महिना, पारा डोक्यावर, तांड्याजवळच्या नाल्यात शेळीच्या जिभेपुरतंही पाणी नाही. डास नावाला नाही. आणि गुलाबने एका आठवड्यात आणलेल्या सहा काचपट्ट्या, सहाच्या सहा पॉझिटिव्ह! मी जाड ठिपके पाहिले, सगळीकडे व्हायवॅक्स. मग कागदावरची नावं वाचली. राठोड, राठोड, चव्हाण, राठोड, राठोड, जाधव. सगळ्या बायका, सगळ्या एकाच तांड्यातल्या.

"गुलाबराव, डास नाई, पानी नाई, अन् मलेरिया कुठून आला बाप्पा?"

"थे मले काय मालूम, मॅडम. ताप होता, म्या रक्त घेतलं."

"सहा जनींचं?"

"सहा जनींचं."

"का एकीचंच सहा येळा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्राचे तुकडे घडी करून खिशात घातले आणि गेला. मला वाटलं, चोर सापडला. एकाच बोटाच्या रक्तातून दहा पट्ट्या भरणारे मी पूर्वीही पाहिले होते. यानं नेमकी आजारी बाईच धरली, म्हणून सहाही पॉझिटिव्ह आल्या, इतकाच त्याचा मूर्खपणा. मी त्याच दुपारी यवतमाळच्या साहेबांच्या नावाने अर्धं पान लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्याचे रक्तनमुने संशयास्पद वाटतात, करार नूतनीकरणापूर्वी विचार व्हावा.' खाली सही ठोकली. लय समाधान वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

पुढच्याच आठवड्यात गणिताच्या बाई आल्या. डॉक्टर मीनल, चाळिशीच्या, कोणत्याशा मोठ्या संस्थेतल्या. उलटून येणाऱ्या मलेरियाचं गणित मांडायला त्यांना आमची दहा वर्षांची रजिस्टरं हवी होती. नावापुढे 'डॉक्टर' आहे एवढं कळल्यावर दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात रांग लागली. एक म्हातारा गुडघा उघडा करूनच बसला. बाई बिचाऱ्या समजावतात, "आजोबा, मी गणिताची डॉक्टर आहे." म्हातारा म्हणतो, "मंग मोजा नं, कितीक दुखते थे."

मला बाईंवरही संशय होताच. एसीत बसून ताप मोजणारी माणसं मी ऐकून होते. पण त्या माझ्या टेबलाशी बसल्या, वहीत तीन चौकोन काढले. पहिल्यात धडधाकट माणसं, दुसऱ्यात तापाने फणफणलेली, तिसऱ्यात वरून बरी झालेली पण आत जंतू झोपलेली. चौकोनांमध्ये बाण. एक बाण डास चावल्याचा, एक गोळीने बरं होण्याचा, आणि तिसऱ्या चौकोनातून परत दुसऱ्यात येणारा, जंतू जागा होण्याचा.

"कोणता बाण किती वेगाने चालतो, ते तुमच्या रजिस्टरवरून काढायचं. एवढंच माझं काम," त्या म्हणाल्या.

"म्हणजे कुंद्यासारखं," मी म्हटलं. त्यांना कुंदा माहीत नव्हता. कपाशीच्या वावरात हे गवत असतं, वरून कितीही निंदा, मुळी खोल राहते आणि पाणी न देता पुन्हा फुटते. शेजारच्या वावरातून बी उडून आलं की जुनीच मुळी फुटली, हे वरून बघून ओळखता येत नाही. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला त्या जरा आवडल्या.

"मग ताई, हे बघा. मे महिन्यात डासाचा बाण पुसून टाकला तरी चालेल. म्हणजे मेमधला ताप हा जुन्याच मुळीचा. दिवाळीच्या आधी ज्यांना ताप आला, त्यांच्यातच तो उलटलाय. सहा केसेस अजिबात अशक्य नाहीत."

हिशेब पटण्यासारखा होता. पण मी हार मानणाऱ्यातली नाही. "अन् रजिस्टरात तं सगळ्यायनं चौदा दिवस गोळी खाल्लेली हाये. मुळी खणून काढली असन तं फुटली कशी?"

"तेच तर! एकतर माझं गणित खोटं, नाहीतर रजिस्टर खोटं."

"रजिस्टर," मी लगेच म्हटलं.

त्यांनी नुसती मान हलवली आणि दोन दिवस आकडे चाळत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांड्याची यादी माझ्यापुढे सरकवली. मागच्या हंगामात ताप येऊन चौदा दिवसांची गोळी दिलेले पुरुष, म्हाताऱ्या, पोरंपोरी, कोणाचाही ताप उलटला नव्हता. उलटला फक्त सुनांचा. शेजारच्या वाड्यांमध्ये, जिथे गोळी देणारा तोच गुलाब, तिथे सुनांचाही उलटला नव्हता.

"खोट्या टिका मारणारा माणूस सगळ्यांच्याच मारेल ना ताई? आणि डास काही मंगळसूत्र बघून चावत नाही. त्या सहा काचपट्ट्या आहेत का अजून?"

पॉझिटिव्ह पट्ट्या आम्ही जपून ठेवतो. काढल्या. या खेपेला मी पातळ थर पाहिला, सावकाश, एकेक. पहिलीच्या पेशी फिक्या, मधून रिकाम्या, बाईच्या अंगात रक्तच नव्हतं. दुसरीच्या पेशी भरलेल्या, सुदृढ. तिसरीत लाल दाण्यांच्या पांढऱ्या पेशी भरमसाठ, म्हणजे पोटात जंत. चौथी, पाचवी, सहावी, प्रत्येकीची तऱ्हा न्यारी. सहा पट्ट्या, सहा बायका. पंधरा मिनिटांचं काम होतं, जे मी अर्धं पान लिहिण्याआधी केलं नव्हतं.

मी दुर्बीण झाकून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं. माझं पत्र साहेबांच्या टेबलावर जाऊन दहा दिवस झाले होते.

तरीही समक्ष गोळीचं कोडं होतंच. आम्ही दोघी गुलाबला घेऊन तांड्यावर गेलो. मी त्याला म्हटलं, "रोज कशी देत होते, थे करून दाखवा."

एका घरापुढे तो थांबला, दारापासून चार हात लांब, आणि खाकरला. आतून घुंगट ओढलेली एक सून आली, हातात पाण्याचा गडवा. गुलाबने ओट्याच्या दगडावर गोळी ठेवली, तीन पावलं मागे सरकला आणि पूर्ण वळून नाल्याकडे तोंड करून उभा राहिला. पाण्याचा आवाज आला. गडवा ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. मग तो वळला, खिशातून वही काढली आणि टिक केली.

मी डोक्याला हात लावला. "अवो गुलाबराव, तुमी पायतच नाई!"

"कसं पाहू, मॅडम? म्या यायचा जेठ लागतो, नवऱ्याचा मोठा भाऊ. कोनाचा सासरा लागतो. माह्यापुढं तोंड उघडून गोळी टाकन का सून? रक्त घ्याच्या दिवशी माही बायको बोट धरते, म्या टोचतो. चौदा दिवस रोज तिनं मजुरी कशी बुडवाव?"

"मंग सांगतलं काहून नाई?"

"रजिस्टरात त्याचा रकाना कुठी हाये?" तो म्हणाला. त्याच्या हिशेबी त्याने स्वतःच्या हाताने गोळी दिली होती आणि पाणी प्यायलेलं ऐकलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. दुसऱ्या वाड्यांमध्ये तो कोणाचा जेठ नव्हता, तिथे तो डोळे वटारून समोर उभा राहायचा.

त्याला लिंबाखाली पाठवलं आणि आम्ही बायकांत बसलो. घुंगट वर झाले, तसे आवाजही. सुमन नावाची एक तरतरीत सून होती, सहापैकी एक, तिने पदराची गाठ सोडून माझ्यापुढे चार गोळ्या टाकल्या. "बाकीच्या चुलीत गेल्या."

"काहून गं?"

"तुमी सांगा काहून. ताप माह्या बुढ्याले बी येते, त्याले कोनी नाई इचारत. आमाले गोळी द्याच्या आंधी सासूच्या हातून निरोप येते, पोटूशी हाये का म्हनून. पोटूशी असन तं गोळी नाई, नसन तं गोळी. मंग थे गोळी कायची असन? मूल न होयाचीच नं?"

गरोदर बाईला ही गोळी चालत नाही, म्हणून तो प्रश्न विचारायचा, असा आमचाच नियम. काहींच्या रक्ताला ती सोसत नाही म्हणून लघवी लाल होते का, हेही विचारायचं. जेठाने कसं विचारायचं? मग सासूमार्फत. आणि सासूमार्फत आलेल्या प्रश्नाचा अर्थ सुनांनी त्यांच्या अकलेने लावला होता. अक्कल चोख होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही गोळी चुलीतच टाकली असती, आणि मी तर सरकारी पगार घेणारी!

मी त्यांना यकृताचं, झोपलेल्या जंतूचं, कुंद्याचं सगळं सांगितलं. पोटातल्या बाळाच्या रक्ताला ही गोळी सोसेल की नाही सांगता येत नाही, म्हणून विचारतो, हेही सांगितलं. सुमनची सासू म्हणाली, "बोलाले काय लागते? तू खाऊन दाखव." सगळ्या हसल्या. मी खाल्ली. हे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं, आता कळेल. कडू होती.

ठरलं असं की तांड्याच्या ज्या ज्या सुनांना ताप येऊन गेला, त्यांना पुन्हा चौदा दिवस गोळी, आणि समोर उभी राहणार मी. लॅब दहा वाजता उघडायची. मी पहिली एसटी धरून सात वाजता तांड्यावर उतरायची. गुलाब लिंबाखाली वही घेऊन उभा, नाल्याकडे तोंड करून नावं पुकारायचा, आणि मी एकेकीला जीभ बाहेर काढायला लावायची. "संशयी बाई आली," म्हणून त्या आधीच आ करून बसायच्या.

साहेबांना मी दुसरं पत्र लिहिलं, की पहिलं पत्र मागे घेत आहे, नमुने खरे आहेत, चूक माझी आहे. पहिलं पत्र दोन दिवसांत पोचलं होतं. दुसऱ्याला आवक नंबर पडायलाच आठवडा लागला. नवव्या दिवशी सकाळी गुलाबने मला एक कागद दाखवला. करार वाढवलेला नव्हता. कारण म्हणून माझंच वाक्य होतं, शब्दाला शब्द.

तो ते वाचून पुन्हा घडी घालत होता, वर्तमानपत्राच्या तुकड्यासारखी. मी म्हटलं, "गुलाबराव, म्या दुसरं पत्र देल्लं हाये. होईन कायतरी."

"होईन," तो म्हणाला आणि वही उघडून पहिलं नाव पुकारलं. दहाव्या दिवशी मला वाटलं तो येणार नाही. आला. अकराव्या, बाराव्या, तेराव्या दिवशीही आला. चौदाव्या दिवशी शेवटची टिक करून त्याने वही माझ्या हातात दिली, सुया-कापसाची पिशवी दिली आणि सांगितलं की पेन्सिल त्याची स्वतःची आहे, ती तो ठेवून घेतो.

पुढच्या मे महिन्यात तांड्यातून नव्या कर्मचाऱ्याने काचपट्ट्या आणल्या. एकही पॉझिटिव्ह नाही. अर्थातच मला संशय आला. मी सगळ्यांचा पातळ थर पाहिला, मग दुसऱ्या दिवशी परत पाहिला, मग स्वतः तांड्यावर जाऊन घरोघर विचारून आले. कोणाला ताप नव्हता. सुमनच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं. ती म्हणाली, "बाई, तुमची गोळी खोटीच निंघाली," आणि हसत सुटली. मीनलबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्यांच्या गणितातली मे महिन्याची रेघही तिथे सपाट येते. त्यांच्या गणितात 'गोळी खरोखर गिळलेले' असा एक नवा चौकोन आला होता. तो चौकोन नाल्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या एका माणसामुळे आला, हे मात्र गणितात लिहिता येत नाही.

माझ्या दुसऱ्या पत्राचं पुढे काही झालं नाही. मी दोनदा यवतमाळला जाऊन आले. जागा भरली गेली होती.

निवृत्त झाल्यावर मागच्या हिवाळ्यात दिग्रसच्या एका जिनिंगच्या फाटकाशी गुलाब भेटला. तिथे तो गाड्यांचे नंबर लिहून घ्यायचं काम करतो. तीच पेन्सिल होती की नाही, मी विचारलं नाही. चहा त्यानेच पाजला.

"त्याच्या पुढच्या मे महिन्यात कितीक निंघाल्या होत्या?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"एकबी नाई."

त्याने समाधानाने मान हलवली. बशीतला चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक इचारू, मॅडम? म्या तोंड फिरवलं होतं थे सुनायची इज्जत राखाले. तुमी काचेवरून डोया काहून फिरवला?"

पुढ्यात कपाशीची गाडी येऊन उभी राहिली आणि तो नंबर घ्यायला उठला. मी घरी आले. मी तर अशा वस्तीतली, की तिथल्या प्रत्येक माणसाने शाळेत, कचेरीत, भाड्याचं घर बघताना आडनाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बदलताना पाहिलेला आहे. मी लहानपणापासून ते पाहत आले. त्यावर आमच्या बुद्धविहारात भाषणं केली आहेत.

गुलाबराव, तुमची मुलगी दिवाळी अंक वाचते असं त्या चहाच्या वेळी म्हणालात, म्हणून इथे लिहिते. पातळ थर समोर होता, दुर्बीण समोर होती, अख्खी दुपार हातात होती. कोंबडीच्या वेळी मी काच पाहिली होती. तुमच्या वेळी मी राठोड, राठोड, चव्हाण एवढं वाचलं आणि काच पाहिलीच नाही.